नानांचा सीटी आणि जांभळा कोट

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला कुणाचे आई-वडील पाहुणे म्हणून आले की त्यातलं कुणीतरी इस्पितळात पोचतंच. मोबाईलवर भाषांतर मिळण्याचे दिवस अजून यायचे होते, त्यामुळे दुभाष्या म्हणून फोन मला, शेजारच्या ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्याला! परतताना हातात लाडवांचा डबा आणि डोक्यात एक किस्सा. लाडू संपतात. नानांचे किस्से मात्र आठवले की हसण्याआधी कान तापतात.

*

नाना म्हणजे वोल्फ्सबुर्गला राहणाऱ्या मंजिरीचे सासरे. पोटाचा सीटी स्कॅन होता. नर्सनं विचारलं, "न्युश्टर्न?" म्हणजे उपाशी आहात का. पण मंजिरी हा शब्द ड्रायव्हिंगच्या क्लासात शिकलेली, आणि तिथे त्याचा अर्थ 'दारू न प्यायलेला'! बिचारीनं मान खाली घालून विचारलं, "नाना, तुम्ही... घेतलेली नाही ना?"

"सूनबाई! आयुष्यात थेंब नाही!"

तिनं 'थेंबही नाही' एवढंच जर्मनमध्ये सांगितलं. नर्स घाबरली. "थेंबही नाही? पाणीसुद्धा?"

मग मला फोन.

*

मी डॉक्टरांचं बोलणं समजावलं. सीटीसाठी शिरेतून औषध देतात, ते किडनीतून बाहेर पडतं. नानांची किडनी मधुमेहानं आधीच थकलेली. अंगात पाणी कमी असेल तर निकामीही होऊ शकते.

"तेव्हा नाना, भरपूर पाणी प्या. लघवी नीट होते ना?"

"हळू बोल!"

"अहो, इथे मराठी कळतंय कुणाला?"

"सुनेला कळतंय!"

*

नर्सनं बाटल्या आणल्या. नानांनी झाकण फिरवलं. फस्स!

"सोडा? हिला अजून वाटतंय मी पितो!"

बिनबुडबुड्यांचं पाणी मागवलं.

*

दुपारी बाटल्या रिकाम्या! नर्सनं विचारलं, "पुरेसं प्यायले?" मी ऐटीत म्हणालो, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर.

तेवढ्यात शेजारच्या कॉटवरचे जर्मन आजोबा पुन्हा बाथरूमकडे पळाले. सकाळपासून पळतच होते. नाना एकदाही उठले नव्हते.

मी सगळ्या वॉर्डासमोर भडकलो. "नाना, किडनी तुमची आहे की त्यांची? कधी शिकणार तुम्ही लोक!"

नानांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. "हा झगा मागून सगळा उघडा आहे रे. समोर सून बसलीये. पाणी प्यायलो तर उठावं लागेल."

मंजिरी उठली, आपला लांब जांभळा कोट पलंगावर ठेवून बाहेर गेली. मी खाली बघतच नर्सला खरं सांगितलं. सीटी दुसऱ्या दिवसावर गेला.

संध्याकाळी नाना बाथरूमकडे निघाले. अंगात जांभळा कोट, पट्टा घट्ट आवळलेला, हातात बाटली. जर्मन आजोबांनी त्यांना वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, "शिक!" जर्मनमध्ये म्हणजे झोकदार.

नाना माझ्याकडे वळले.

"ऐकलंस? तुलाच म्हणतायत."