जळबाचा सोमवार

आमच्या गावात गोल्फ खेळणारा एकच माणूस होता, आणि तो एकटाच खेळायचा. हे वाचून तुम्ही हसाल. आम्हीही चार वर्षं हसत होतो. मी तर शाळामास्तर, म्हणजे हसण्यात सगळ्यांच्या पुढे.

त्याचं नाव जळबा. सिकंदराबादच्या छावणीत गोल्फच्या एका मैदानावर त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली. सकाळी गवत कापायचं आणि साहेब लोक आले की त्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागं चालायचं. बायको भागूबाई तिकडंच वारली. लेकरूबाळ नव्हतं. परभणीतून फुटून हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या साली जळबा एक पत्र्याची पेटी आणि तीन काठ्या घेऊन गावी परतला. गावानं लगेच त्याचं नाव 'हाकीवाला' ठेवलं. ही हॉकी नव्हे, असं त्यानं आठवडाभर सगळ्यांना समजावून सांगितलं आणि मग तो नाद सोडला.

गायरानात ताटाएवढी जागा साफ करून त्यानं मधोमध एक डबा पुरला होता. लांबून बॉल मारत मारत त्या डब्यापर्यंत यायचं, हा त्याचा खेळ. पण दर सोमवारी, फक्त सोमवारीच. मला वाटायचं, महादेवाचा नवस असेल. पण जळबा बौद्ध, त्याला कसला नवस? एकदा विचारलंच.

"सोमवारी कोर्स बंद राह्यचा गुरुजी," तो म्हणाला. "सायब लोक न्हाई यायचे. मंग आमाला खेळू द्यायचे."

आमच्या गायरानात कोणता साहेब येणार होता, हे मी विचारलं नाही. तेव्हा मला ते सुचलंच नाही.

२००३ च्या जानेवारीत, मधल्या सुट्टीत, तो एक इंग्रजी पत्र घेऊन शाळेत आला. पत्र मेजर साहेबांचं होतं. बावीस वर्षं जळबानं ज्यांची पिशवी वाहिली, ते. साहेबांनी लिहिलं होतं की त्यांच्या मुलानं सिकंदराबादला दुकान काढलंय आणि तिथं खेळणाऱ्याच्या अंगाचं माप घेऊन, त्याचा फटका बघून काठी बनवतात, शिंपी सदरा बेततो तशी. 'माझा खेळ तू सुधारलास जळबा. एक काठी माझ्याकडून तुला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला ये. सोबतच्या कागदावर मापं भरून आण, आणि खेळताना घालतोस तेच बूट घालून ये.'

जळबानं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

त्याला त्या काठीचं एवढं काय होतं, ते सांगायला हवं. त्याच्या तिन्ही काठ्या मेजर साहेबांच्या वापरून टाकलेल्या. साहेब सहा फूट उंच, हा पाच फूट दोन इंच. त्यामुळं काठी बरीच खाली धरावी लागे आणि वरचं टोक दर फटक्याला पोटात लागे. त्याच्या प्रत्येक सदऱ्याला बेंबीच्या वर, डाव्या अंगाला, एकाच जागी भोक पडलेलं असायचं. ते शिवून द्यायला घरात कुणी नव्हतं.

"आपल्या मापाची काठी एकदा हातात धरायची हाय गुरुजी," तो म्हणाला. "मंग मेलो तरी चालतंय."

"काठी मिळाल्यावर मरता कशाला? खेळा की," मी म्हणालो. तो हसला नाही.

मग त्याची तयारी सुरू झाली. पहिली अडचण बुटांची, कारण तो जन्मभर अनवाणी खेळलेला. बाळापूरच्या बाजारातून त्यानं कॅनव्हासचे पांढरे बूट आणले आणि ते घालून सकाळ-संध्याकाळ गायरानात चालायला लागला. टाचांना फोड आले, फुटले, तरी गडी चालतोच आहे. कोणत्या काठीनं बॉल किती लांब जातो हेही कागदावर लिहायचं होतं. ते त्यानं बैलाच्या कासऱ्यानं मोजून काढलं. सगळं जमलं, पण एका मापापाशी गाडी अडली. ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, नजर समोर, आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यायचं. टेपचं एक टोक बुटाखाली दाबून त्यानं दोन दिवस खटपट केली. पण आकडा बघायला वाकलं की मनगट खाली यायचं, आणि दर वेळी वेगळंच माप निघायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या दारात उभा. "गुरुजी, एक तकलीफ द्यायची व्हती. याला दुसरा माणूस लागून राहिला."

मी त्याच्या घरी गेलो. चार वर्षांत पहिल्यांदाच. एक खोली, एक खाट, एकच ताट. जळबा आंघोळ करून, भांग पाडून, बूट घालून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मी खाली बसलो आणि त्याचं मनगट धरलं. हात लाकडासारखा ताठ.

"सैल सोडा, जळबाभाऊ."

"सोडूनच राहिलो गुरुजी." तो समोरच्या भिंतीकडं बघत होता. "भागू गेल्यापून कुणी धरला न्हाई ना हात, म्हनून आखडला आसंल."

माप भरलं तीस इंच. गरज नव्हती, तरी मी ते पुन्हा घेतलं.

फेब्रुवारीच्या त्या दुसऱ्या रविवारी मी बाळापूरला गेलो होतो. बघतो तर एसटी स्टँडवर जळबा! पांढरे बूट, इस्त्रीचा सदरा, टॉवेलात गुंडाळलेल्या काठ्या. दुपारचे बारा वाजून गेलेले.

"अहो, इथं काय करताय? आज रविवार!"

"व्हय. आज निघालो म्हंजे उद्या सकाळी बराबर पोचतो."

"साहेबांनी आज बोलावलं होतं! दहाला! मी तीनदा वाचून दाखवलं की तुम्हाला!"

तो माझ्याकडं समजुतीनं हसला, जसं मलाच काही कळत नाही. "रविवार सायब लोकांचा असतो गुरुजी. लिव्हताना त्यांच्या ध्यानात राह्यलं नसंल. आपला सोमवार."

नांदेडची गाडी लागली आणि तो चढलासुद्धा.

मंगळवारी परत आला. सोमवारी दुकान बंद होतं. हा संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिला, मग मापांचा कागद शटरच्या फटीतून आत सरकवला आणि निघाला. साहेबांच्या घरी का गेला नाहीत, म्हटलं, तर म्हणे, "बोलावलं दुकानात व्हतं. घरी कसं जायचं?"

आठ दिवसांनी साहेबांचं पत्र आलं. मीच वाचलं. 'रविवारी दिवे लागेपर्यंत तुझी वाट बघितली. तुझा फटका दाखवायला क्लबातल्या चार जणांना बोलावून ठेवलं होतं. कागद मिळाला, पण फटका बघितल्याशिवाय काठी होत नाही. कोणत्याही रविवारी ये. सोमवारी दुकान बंद असतं.'

मग मात्र माझं डोकं फिरलं. "नोकरी संपली, मैदान सुटलं, आता कसला सोमवार घेऊन बसलात? कोण अडवतंय तुम्हाला?"

तो म्हणाला, "त्येच तर दिसून न्हाई राहिलं गुरुजी."

मीच तोड काढली. येत्या रविवारी गायरानात चला, मी बरोबर येतो. एक बॉल रविवारी मारा, म्हणजे पुढच्या रविवारी सिकंदराबाद सोपं जाईल. तो हो म्हणाला.

रविवारी सकाळी गायरानात आम्ही दोघंच. लांब कुणाच्या तरी म्हशी चरत होत्या. जळबानं बॉल ठेवला, पाय रोवले, काठी उचलली. थांबला. मागं वळून रस्त्याकडं बघितलं. रस्ता रिकामा होता. पुन्हा उचलली, पुन्हा थांबला. असं तीनदा झालं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

शेवटी त्यानं काठी खाली ठेवली. बॉल उचलून सदऱ्याला पुसला आणि खिशात टाकला.

"उद्या मारतो गुरुजी," तो म्हणाला. "उद्या येता का? उद्या बघा कसा जातोय."

मी हो म्हणालो. उद्या मला शाळा होती, तरी हो म्हणालो.