कर्नलसाहेब आणि आवाज नसलेला ड्रायव्हर

डिसेंबर १९९७, रविवार, सकाळी पावणेसात. हजर: कर्नलसाहेब, दिंडोरीचे बाळासाहेब, दातांचे डॉक्टर सबनीस आणि मी. गैरहजर: कोणी नाही. थंडी अशी की चहाचा कप खाली ठेवून हातमोजा चढवायला कोणी तयार नव्हतं.

ही नोंद माझ्याच हातची. अंबडच्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळत होते आणि गोल्फच्या मैदानावर रविवारच्या चौकड्या लावायचं कामही माझ्याकडे आलं होतं, कारण याद्या करायचा कंटाळा नसलेली तिथे मी एकटीच होते. कर्नलसाहेबांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. सैन्यात सामानसुमानाचा हिशेब ठेवणारा असतो, तसं ते मला 'क्वार्टरमास्तर' म्हणत. "क्वार्टरमास्तर, आज शत्रू कोण?" असं विचारत ते गाडीतून उतरायचे.

ते तोफखान्यातले. नोकरीची शेवटची वर्षं देवळाली कॅम्पात गेली आणि निवृत्तीनंतर तिथेच घर केलं. त्यांची एक सवय नव्या माणसाला उद्धट वाटायची. दुसरा कोणी पहिला फटका मारायला उभा राहिला की ते त्याच्याकडे सरळ पाठ करत. हात मागे बांधून, मान किंचित खाली घालून उभे राहत. काठी बॉलला लागल्याचा आवाज तेवढा ऐकत आणि न वळता निकाल देत, "उजवीकडे. बाभळीत. जा, काटे काढत बसा." आम्ही जाऊन बघावं तर बॉल बाभळीतच असे. तोफ डागल्यावर नुसत्या आवाजावरून दारू बरोबर भरली होती की नाही हे ते सांगत, असं त्यांच्या हाताखालचे लोक म्हणायचे. ती सवय त्यांनी मैदानावर आणली होती.

त्यामुळे ड्रायव्हर घ्यायचा झाला की नाशिकातला गोल्फ खेळणारा माणूस आधी त्यांच्याकडे यायचा. ड्रायव्हर म्हणजे पहिला लांब फटका मारायची सगळ्यात मोठी काठी. बाकीच्या काठ्या माणूस गरजेनुसार घेतो, ही मात्र हौसेने घेतो. तिच्या तोंडाला, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूला, थोडा कल असतो. कल जास्त असेल तर बॉल सहज उचलला जातो, पण पुरुषमंडळींना जास्त कल म्हणजे कमीपणा वाटायचा. जो तो सरळ तोंडाचा आणि कडक दांड्याचा ड्रायव्हर घ्यायचा आणि वर्षभर बॉल जमिनीवरून घासत न्यायचा. सबनीसांनी असाच एक आणला होता. कर्नलसाहेबांनी पाठ करून त्यांचे चार फटके ऐकले आणि म्हणाले, "डॉक्टर, हा तुमचा नाही. हा तुमच्या मेव्हण्याचा आहे." तो खरोखरच मेव्हण्याने सुचवलेला होता. सबनीसांनी पुढच्या आठवड्यात तो बदलला.

तर त्या रविवारी बाळासाहेबांनी पहिला टायटॅनियमचा ड्रायव्हर आणला. बाळासाहेबांच्या द्राक्षबागा. त्यांचा पुतण्या परदेशातून आला होता, त्याने येताना तो आणला होता. आमचे ड्रायव्हर तेव्हा लाकडी किंवा पोलादी डोक्याचे, मुठीएवढे. हे धूड बघून सबनीस म्हणाले, "हे काय, काशीफळ लावलंय का टोकाला?"

"लय हलकं हाय ओ डॉक्टर, उचलून तर बघा," बाळासाहेब म्हणाले आणि उभे राहिले. कर्नलसाहेबांनी नेहमीसारखी पाठ केली.

ठण्ण! पितळी परातीवर पळी आपटावी तसा आवाज झाला. पलीकडच्या टिटव्या ओरडत उडाल्या. बॉल कुठल्या कुठे गेला. आम्ही तोंड उघडं टाकून बघत राहिलो. कर्नलसाहेब मात्र पाठ करून तसेच उभे.

"मारा ना बाळासाहेब. ऊन होईल आता."

"मारला की साहेब! त्यो बघा, पार पिंपळापाशी गेला."

कर्नलसाहेब वळले. लांबवर बॉलकडे पाहिलं, मग बाळासाहेबांच्या हातातल्या काठीकडे. म्हणाले, "ह्याला आवाजच नाही."

आम्ही हसून हसून बेजार. सबनीसांना चष्मा काढून पुसावा लागला. टायटॅनियमची इतकी सुरेख खोड कोणी काढली नव्हती. आठवड्याभरात ते वाक्य सगळ्या मैदानावर पसरलं. नवीन कोणी टायटॅनियम घेतला की बाकीचे विचारायचे, "काय, आवाज नसलेला का?" कर्नलसाहेबही हसायचे.

पुढच्या काही वर्षांत एकेक करत सगळ्यांकडे टायटॅनियम आला. माझ्याकडेही आला. त्याच सुमाराला कर्नलसाहेबांनी पाठ करणं सोडलं. इतरांसारखे तेही डोळ्यांवर हात धरून बॉल बघू लागले. कोणी ड्रायव्हर निवडून मागितला तर म्हणत, "आता दुकानदाराला विचारा. मी लाकडातला माणूस." त्यांना नवीन काही सोसत नाही, असं आमचं ठरलं. सबनीस तर म्हणाले, "रुसलेत. टायटॅनियमवर रुसलेत."

मला खरं कळलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात. मी कसलीशी यादी द्यायला कॅम्पात गेले होते. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या शेजारी जाताना "शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा" असं त्यांना सांगून गेल्या. कर्नलसाहेब गॅसच्या शेजारीच खुर्चीवर बसून बाळासाहेबांची मूठ कुठे चुकते ते मला समजावत होते. कुकरने कान फाटेल अशी शिट्टी दिली. त्यांचं वाक्य मध्ये तुटलं नाही, पापणी हलली नाही. दुसरी झाली, आणखी झाल्या. शेवटी मी उठून गॅस बंद केला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं.

"झाल्या का?"

"झाल्या."

बराच वेळ ते टेबलावरच्या यादीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "तोफांनी वरचे सूर नेले. खालचे आहेत अजून. लाकडाचा ठोका येतो. बाळासाहेबांचा आवाज येतो. हिचा येत नाही."

"काकूंचा?"

"ती बोलते तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघतो. तिला वाटतं, म्हातारपणी प्रेम वाढलं."

मी कानाच्या यंत्राचं विचारलं. लावून पाहिलं होतं, पण मैदानावर त्यात नुसता वारा घोंघावायचा. मग त्यांनी मला बजावलं, तेही हुकूम द्यावा तसं. "तिकडे कोणाला कळता कामा नये. कळलं की आधी सगळे मोठ्याने बोलायला लागतात. मग कमी बोलतात. मग रविवारी दुसऱ्या कोणाला तरी घेतात. मेसमध्ये पाहिलंय मी हे. मला रविवार हवाय, क्वार्टरमास्तर. बाकी काहीही गेलं तरी चालेल."

त्यानंतर मी चौकड्या लावताना आमची चौकडी शेवटी टाकू लागले. मागून कोणी खेळत नसलं की मागून येणारा बॉल नाही आणि 'सांभाळा' अशी आरोळीही नाही. थोड्या दिवसांनी कर्नलसाहेबांनी विचारलंच, "हल्ली आपण नेहमी शेपटाला का?"

"बाळासाहेबांना उशीर होतो," मी म्हटलं. बाळासाहेब सगळ्यांच्या आधी येऊन चहा पीत बसलेले असायचे. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

"हां, फवारणी असती ना साहेब," ते म्हणाले. "निघताच येत नाय लवकर." ती फवारणी पुढे बारा महिने चालू राहिली.

मग त्यांच्या लाकडी ड्रायव्हरला चीर गेली. तसंही सत्तरीनंतर त्या जड काठीने फटका लांब जाईना. एका रविवारी बाकीचे चहाला गेल्यावर ते मला सरावाच्या जागी घेऊन गेले. तीन जणांकडून मागून आणलेले तीन टायटॅनियम ड्रायव्हर गवतावर मांडलेले होते.

"तू पाठ कर," ते म्हणाले. "आणि काय ऐकू येतं ते सांग."

मी पाठ केली. हात मागे बांधले, कारण ते तसंच करायचे. त्यांनी एकेक ड्रायव्हर घेऊन फटके मारले. आपण काय ऐकतो हे शब्दांत सांगायचं मला त्याआधी कधी कामच पडलं नव्हतं. मी म्हटलं, पहिला पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. दुसऱ्याचा आवाज कधी असा, कधी तसा. तिसरा घंटेसारखा सुरू होतो, पण घंटेवर कोणी लगेच हात ठेवावा तसा बंद होतो. आणि प्रत्येक वेळी तसाच.

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"मग तो माझा," ते म्हणाले. तिघांत जास्त कल त्याच्याच तोंडाला होता, दांडाही मऊ होता. मी वळले तेव्हा ते तो ड्रायव्हर कानाजवळ धरून त्याच्या डोक्यावर नखाने टकटक करत होते.

त्या ड्रायव्हरने त्यांना दोन मोसम छान साथ दिली. फटका पुन्हा मैदानातल्या ओढ्यापलीकडे पडू लागला. बाळासाहेब म्हणायचे, "साहेब, बिनआवाजाचा शेवटी तुम्हीबी घेतलाच की!" आणि ते म्हणायचे, "घरात शांतता, मैदानावर शांतता."

पाऊस संपला की आमच्या मैदानाच्या कडेचं गवत कापायला आसपासच्या वाड्यांतल्या बायका येत. जनावरांना चारा होतो आणि मैदानही साफ होतं. त्या वाकून कापत असल्या की उंच गवतात दिसत नाहीत. कोणी फटका मारायला उभं राहिलं की त्यांच्यातली एखादी ओरडते, "थांबा ओ!" आपण थांबायचं आणि त्यांनी बाजूला व्हायचं. कोणी शिकवली नव्हती, पण ती रीतच होती.

त्या दिवशी कर्नलसाहेबांनी ड्रायव्हर मागे उचलला होता. बाळासाहेब आणि सबनीस ओढ्याकडे बघत काहीतरी बोलत होते. गवतातून त्या बायकांतल्या हौसाबाईचा आवाज आला, "ओ सायेब, थांबा!" मीही ओरडले, "सर!" आम्हा दोघींचे आवाज बारीक. ठण्ण झालं. बॉल खालून सरळ गेला आणि हौसाबाईच्या शेजारच्या भाऱ्यात घुसला. हातभर अलीकडे ती उभी होती.

मी आणि कर्नलसाहेब धावत गेलो. हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती, संतापलेली. "काय वो सायेब, बहिरं हायसा का काय? केवढ्यानं बोंबलले मी!"

कर्नलसाहेबांनी टोपी काढली. "हो बाई," ते म्हणाले. "बहिरा आहे."

हौसाबाईचा हात तोंडावर गेला. "अगं बया. तसं नाय ओ सायेब, रागात बोलले मी."

"तुम्ही बरोबर बोललात."

परत येताना मी भराभर बोलत सुटले. मी शेजारी उभी राहीन. खांद्याला हात लावीन. लाल रुमाल हलवीन. ते माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "तोफेपाशी 'स्टॉप' कोणीही ओरडू शकतो. जनरल असो की स्वयंपाकी असो, तोफ थांबते. ज्याला ते ऐकू येत नाही त्याने तोफेपाशी उभं राहायचं नसतं. यादीतून माझं नाव काढ."

"सर, रविवार..."

"काढ, क्वार्टरमास्तर."

बाळासाहेबांना आणि सबनीसांना त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. बाळासाहेब ऐकून घेऊन नुसते म्हणाले, "मग आता फवारणी बंद." दर मोसमात ते द्राक्षांची पेटी घेऊन कॅम्पात जात राहिले आणि आपल्या जाड आवाजात तासभर बोलून येत. कर्नलसाहेब पुन्हा मैदानावर आले नाहीत. दोन वर्षांनी झोपेतच गेले. घाटावर आम्ही तिघेही होतो. त्यांची जागा आम्ही रिकामीच ठेवली होती; चौथं माणूस म्हणून पुढच्या रविवारी कोणाला घ्यायचं, हे विचारायला कोणी माझ्याकडे आलं नाही.

या वर्षी काकूंना भेटले तेव्हा हे सगळं लिहू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. मला माहीत होतं गं सुरुवातीपासून. प्रेम वाढलं म्हणून बघत नव्हते ते. पण बघत होते ना."

जाण्याआधी कर्नलसाहेबांनी मला एक काम सांगितलं होतं. पहिल्या फटक्याच्या जागी पाटी लावायची. मजकूरही त्यांनीच सांगितला: गवतातल्या बायकांचा वर केलेला हात दिसल्याशिवाय कोणीही बॉल मारू नये. ओरडणं नको, हात हवा. मी मैदानाच्या कमिटीपुढे ते ठेवलं. त्यांनी विचारलं, ओरडल्यावर ऐकू येतंच की, मग पाटी कशाला? तेव्हा मला कारण सांगता येत नव्हतं, म्हणून विषय तिथेच राहिला. आता सांगता येतं. हौसाबाईंच्या वाडीत जाऊन हात वर करायचं त्यांना सांगून झालं आहे, रंगाऱ्याशी बोलून झालं आहे. कमिटीकडे पुन्हा अर्ज द्यायचा आहे. पाटी अजून लागलेली नाही.