कागदावरची इंदुमती

बँकॉकची गोष्ट मी निदान शंभर वेळा सांगितली असेल. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना, भिशीतल्या बायकांना, सावर्ड्याला माहेरी गेले की तिथल्या अख्ख्या वाडीला. कमी पैशात कशा गेलो, काय खाल्लं, कुठे चुकलो — सगळं. त्यातला एक तुकडा मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही. नवऱ्याला नाही, बरोबर आलेल्या मैत्रिणीला तर नाहीच नाही. तो आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित. बघू.

खरं तर सुरुवात वहिनींपासून करायला हवी. पण जीभ रेटत नाही. आधी प्रवासाचं सांगते.

मी मंगल. रत्नागिरीत नाचणे रोडला आमचं पंप-पाइपांचं दुकान आहे, वर घर; गल्ल्यावर मी बसते. शिक्षण बारावी, तेही रडतखडत. पन्नाशीपर्यंत मी गोव्याच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. मग शैला, म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण, हल्ली ठाण्याला असते, ती एकदा फोनवर म्हणाली की आपण दोघी कुठेतरी परदेशात जाऊ या, थोडक्यात, परवडेल असं. मी म्हटलं, ठरवायचं काम माझ्याकडे.

आणि ठरवलं हो मी. आठ महिने लागले. एका हाताने गिऱ्हाइकाला एल्बो आणि वॉशर द्यायचे, दुसऱ्या हातात मोबाइल. सरळ जाणारं विमान महाग होतं, मग क्वालालंपूरला सात तास बसून पुढे जाणारं शोधलं. व्हिसा लागत नव्हता, ते चार ठिकाणी खात्री करून घेतलं. सात किलोच्या वर बॅग नेली तर जादा पैसे, म्हणून आंब्याच्या पेट्या तोलायच्या काट्यावर बॅग टांगून बघितली. टॅक्सी करायचीच नाही, नदीतून होड्या चालतात, नारिंगी झेंड्याची होडी सगळ्यात स्वस्त, कुठल्या धक्क्यावर उतरलं की निजलेल्या बुद्धाचं देऊळ — हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. रत्नागिरीतले रस्ते मला ठाऊक नाहीत इतके त्या शहरातले धक्के मला पाठ झाले होते. मला स्वतःचं कौतुक वाटायचं. जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट अशी होती की जी फक्त मला येत होती.

मग आमचे हे एका दुपारी जेवता जेवता म्हणाले, वहिनींनाही ने की बरोबर. दादा गेल्यापासून एकट्या पडल्यात.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त शिक्षिका, माहेर हेदवीचं. बोलणं स्वच्छ, इंग्रजी फाडफाड. नाही कशी म्हणणार होते मी? हसून हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून जो येईल तो तेच. "वयनी हायत ना बरोबर? मग कसली चिंता गो तुला." सगळ्या गल्लीने माझा प्रवास एका दिवसात वहिनींच्या हवाली केला. आठ महिने मी काय भाजी निवडत होते?

आणि जुनंही होतं पोटात. मी नवी नवरी असताना पाहुण्यांना विचारलं होतं, "पानी देऊ काय?" वहिनी शेजारून म्हणाल्या, "मंगल, पाणी." एवढंच. मुलांना सांगतात तसं, हसत. त्यांनी ते त्याच दिवशी विसरूनही टाकलं असेल. मी अठ्ठावीस वर्षं जपून ठेवलं. हे कारण म्हणून सांगत नाही. काटा कुठे होता एवढंच दाखवते.

आता नावाचं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं. माझं माहेरचं नाव शेवंता. ते गेलं तेव्हा मी सुटले असंच मला वाटलं. वहिनींचं तांदळात सुहासिनी लिहिलं गेलं आणि घरादारात त्या सुहासिनीच झाल्या. पण त्यांना नोकरी लग्नाआधीच लागलेली. त्यामुळे शाळेत, बँकेत, पेन्शनला, पासपोर्टावर त्या इंदुमती राहिल्या. आडनावही माहेरचंच. एकदा गच्चीवर आम्ही दोघी आंबापोळी घालत होतो. ताटात रस पसरता पसरता त्या म्हणाल्या, "घरात तुम्ही म्हणाल ती मी. कागदावर मात्र माझ्या बाबांची." वडील गेले, भाऊ गेला, इंदू म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलं नाही म्हणाल्या. मी ताट उन्हात सरकवलं.

तर तिकीट काढायचा दिवस. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. तिघींची नावं टाकायची होती. शैलाचं टाकलं, माझं टाकलं. वहिनींचं टाकताना हात सवयीने चालला — सुहासिनी, आणि पुढे आमचं आडनाव. इथपर्यंत ती चूक होती. देवाशपथ चूक होती.

मग मी वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ना, नाव पासपोर्टावर आहे तसंच लिहा म्हणून? मी ते वाचलं. वहिनींच्या पासपोर्टाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, तो उघडला. इंदुमती. परत मागे आले. बोट बटणावर ठेवलं — आणि थांबले.

किती वेळ थांबले असेन? एक गिऱ्हाईक आलं, टेफलॉन टेप घेऊन गेलं. तेवढा वेळ. त्या वेळात मला सगळं दिसलं. स्पेलिंग थोडं चुकलं तर काउंटरवर निभावतं, पण नाव सबंध वेगळं असेल तर चढू देत नाहीत, हे मी आठ महिन्यांत दहा जागी वाचलं होतं. माझ्याइतकं ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आणि डोक्यात आलं — सुंठीवाचून खोकला जाईल.

मी बटण दाबलं.

झालं, सांगून टाकलं. पण एवढ्यावर सुटका नाही. कारण बटण दाबल्यावरही दोन महिने होते. एक फोन केला असता तरी दुरुस्त झालं असतं. रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना आठवायचं, आज करू. रोज एखादा कुणी तरी म्हणायचा, वयनी हायत ना. आणि मी फोन ठेवून द्यायचे. एका क्षणाचा राग म्हणावा तर राग दोन महिने टिकतो का हो? वहिनी तर मला विचारत होत्या, मंगल, कागद सगळे बघितलेस ना? बघितले, म्हणायचे मी. तेही खरंच होतं.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने आधी तिकीट बघितलं, मग पासपोर्ट, मग वहिनींकडे. हे नाव कुणाचं, म्हणून विचारलं. वहिनी हसल्या. "दोन्ही मीच. ही माहेरची, ती सासरची." पोरगी मराठी होती, तिला कळलं. वाईटही वाटलं तिला. तिने वरच्या साहेबांना बोलावलं, पण नियम तो नियम. त्या घटकेला नवं तिकीट घ्यायचं तर आमच्या तिघींच्या तिकिटांहून जास्त पडत होतं. शैला रडायला लागली. मीही रडले. ते रडणं खरं होतं, आणि मला आज सगळ्यात जास्त शिसारी त्याचीच येते.

शैला म्हणाली, कुणीच नको जायला. वहिनींनी तिला दटावलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढं सगळं तू एकटीने केलंस. एखादी चूक व्हायचीच गो." अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या तोंडून हा 'गो' मी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या हेदवीतल्या घरात तो असणार, शाळेसाठी त्यांनी तो ठेवून दिलेला असणार. नंतर त्यांनी पर्समधून एक छोटी निळी वही काढली, माझ्या हातात दिली आणि बॅग ओढत परत फिरल्या. त्या एकट्या रत्नागिरीला गेल्या.

वही मी क्वालालंपूरला उघडली, सात तास बसायचे होते तेव्हा. पहिल्या पानावर लिहिलेलं, मंगलसाठी. आत इंग्रजी वाक्यं, मराठी अक्षरांत, शेजारी अर्थ. होडीचं तिकीट कसं मागायचं, यात मासे आहेत का कसं विचारायचं, दर कमी करा कसं म्हणायचं. आणि तळाला एक ओळ: 'बोलायचं तू. मी मागे उभी राहीन.' 'वुई आर थ्री लेडीज' असं एक वाक्य होतं. आम्ही तिघीजणी आहोत. बँकॉकच्या गेस्टहाउसमध्ये मी ते थ्रीच्या जागी टू घालून म्हटलं.

तुम्ही म्हणाल, तिथे तरी काही गोड लागलं नसेल. लागलं. खोटं कशाला बोलू? होडीतून फिरले, निजलेल्या बुद्धाच्या तळव्यांपाशी उभी राहिले, चिकट भातावर आंबा घालून देतात तो खाल्ला आणि आपल्या हापूसपुढे काहीच नाही असं शैलाला सांगितलं. वहीतली वाक्यं बोलले आणि लोकांना ती समजली. मला मजा आली. परत येताना वहिनींसाठी एक रेशमी रुमाल घेतला.

घरी आले तर वहिनींनीच उलट माझी माफी मागितली. माझ्या दोन नावांच्या घोळाने तुमची पंचाईत झाली म्हणाल्या. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. आमचे हे समोर बसले होते, मी विचारलं, चहा टाकू काय?

मग वहिनींनी कागदावरचं नाव बदलून घ्यायचं काम काढलं. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, आधार, बँक, पेन्शन — एकेका कागदासाठी चार चार फेऱ्या. आता या वयात पुन्हा घोळ नको म्हणाल्या. एकदोनदा मीच त्यांच्याबरोबर गेले, रांगेत उभी राहिले, पिशवी धरली. जुनं नाव, नवं नाव असे दोन रकाने असलेला अर्ज त्या मोत्यासारख्या अक्षरात भरत होत्या. मी शेजारी बसून बघत होते. तेव्हाही बोलले नाही. एक सहल बुडवली एवढंच मी तोवर स्वतःला सांगत आले होते. एक सहल काय, पुन्हा करता येते. त्या अर्जावर त्यांनी इंदुमती लिहून पुढच्या रकान्यात सुहासिनी लिहिलं, तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

नवा पासपोर्ट गेल्या महिन्यात आला. वहिनी तो घेऊन दुकानात आल्या, गल्ल्यावर ठेवला. म्हणाल्या, चल, आता जाऊ. तिकीट तूच काढायचंस, मला त्यातलं काही कळत नाही.

काल दुपारी काढलं. पासपोर्ट समोर उघडा ठेवला आणि एकेक अक्षर बघून टाइप केलं. दोनदा ताडून बघितलं. सगळं जुळत होतं. इंदुमती हे नाव आता त्यांच्या शाळेतल्या जुन्या हजेरीपटांत असेल तर असेल. दुसऱ्या कुठल्या कागदावर नाही.

वरून वहिनींनी हाक मारली. हल्ली त्या माझ्याशी 'गो' लावूनच बोलतात.

"नाव टाकलंस काय गो?"

मी म्हटलं, टाकलं.