नांगीजवळचा तिसरा तारा

तळेगावच्या काकांशी माझी ओळख आकाशामुळे झाली. ते तलाठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मी कारंज्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. दोघांकडे एकेक साधी दुर्बीण. एखादा नवा तारा पेटला, धूमकेतू दिसला, तर जगभरच्या निरीक्षकांना नोंद कळवायची, एवढा आमचा उद्योग. शेजारीण म्हणायची, "बाई, खाली काई सापडत नाई म्हणून वर शोधून राह्यल्या का?"

नियम काकांनीच घातला होता. ज्याला दिसेल त्याने फोनवर फक्त रास सांगायची, जागा नाही. दुसऱ्याने स्वतः शोधायचं, वहीत लिहायचं आणि मगच तोंड उघडायचं. जन्मभर पंचनामे केलेला माणूस; साक्षीदार पढवला की काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दसरा उलटून गेला होता. दिवेलागणीला त्यांचा फोन आला. "जय भीम, बाई. गच्चीवर जा जल्दी. इचवाच्या नांगीचे दोन तारे हायेत न, त्याच्या वर, जरा डावीकडे, तिसरा हाये. नकाशात नाई. डुबून राह्यला तो!"

नुसतं 'वृश्चिक' म्हणायचं, तर जागाही सांगून मोकळे झाले, आणि माझ्याही ते लक्षात आलं नाही. 'अति घाई संकटात नेई' हे हायवेवरच्या ट्रकांमागे रोज वाचणारी मी, चपलाही न घालता जिना चढले.

मला तो दिसला. ओझरता नाही, चांगला मिनिटभर. बारीक, राखाडी, किंचित थरथरणारा. अंगावर काटा आला. मग विंचवाची रास हायवेवरच्या धाब्यामागच्या झाडांआड गेली. मी तेजाचा आकडा सांगितला, काकांनी आपल्या वहीतला वाचला. दोन्ही तंतोतंत सारखे. दोन गावं, दोन निरीक्षक. आम्ही लगेच नोंद पाठवली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सोबत त्याच संध्याकाळचे, वेगवेगळ्या ठिकाणांहून काढलेले फोटो. मी ते शाळेतल्या कॉम्प्युटरवर मोठे करकरून पाहिले. तिथे काहीच नव्हतं. मला भीती वाटली, खरीखुरी, कारण मी तर तो पाहिला होता.

"फोटोत नाई तर नाई," काका म्हणाले. "पन तुमीबी पाह्यला न?"

"पाहिला," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

आठवड्याने त्यांना तो मकरेत दिसला. मी म्हणाले, इकडे ढग आहेत. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मी दुर्बीण पेटीतून काढलीसुद्धा नाही. दिसला तर काय, आणि नाही दिसला तर काय, दोन्हीची धास्ती होती.

मग एक दिवस भर दुपारी फोन. आवाज हळू. "बाई, तो आता घरात हाये. चुन्याच्या भिंतीवर. मान फिरवली का संग येते."

"काका, एकेक डोळा झाकून पाहा," मी म्हणाले.

त्यांनी फोन खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

"उजवा झाकला का जाते, बाई."

त्याच संध्याकाळी मी त्यांना दवाखान्यात नेलं. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. पहिल्यांदा ठिपका दिसला तेव्हाच आला असतात तर डोळा वाचला असता, डॉक्टर म्हणाले. आता उशीर झाला. मग जरा चिडूनच त्यांनी विचारलं, "इतके दिवस थांबलात कशाला?"

काका माझ्या दिशेने वळून हसले. त्यात राग अजिबात नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

"एकट्याले दिसला असता तर आलोच असतो, साहेब," ते म्हणाले. "बाईलेबी दिसला न."