दातांवर भाषण आणि हातात चॉकलेटचा डबा

मित्रांनो, आज दौंडजवळच्या एका शाळेत मुलांच्या किडक्या दातांवर तावातावानं बोललो. गोड कमी खा, चूळ भरा, च्युइंगगम हवंच असेल तर बिनसाखरेचं घ्या.

टाळ्या थांबताच सरपंचांनी चॉकलेटचा डबा माझ्या हातात दिला. "पाहुण्यांच्या हातानं खाऊ वाटायची रीत हाय आपली. न्हाई म्हणू नका."

परत केला तर गावाचा अपमान, वाटला तर माझ्याच शब्दांचा.

रांगेतल्या पहिल्या मुलीचा गाल सुजला होता. "सर, हे बिनसाखरेचं हाय का?"

"नाही."

"मग घेऊ का नको?"

सरपंच हसले. "घे गं, सरच देत्यात की."

तिनं घेतलं आणि माझ्याकडे बघतच कागद सोलला.

माईकवर एवढं बोलणाऱ्याला तिथं 'नको' का म्हणता आलं नाही? तुम्हाला आलं असतं?