निकिफरला आलेला निरोप

संध्याकाळी साडेसहा वाजले की अलास्कातल्या आमच्या नदीकाठची माणसं गप्प व्हायची. चहा ओतणारा हात थांबायचा, बडबडणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसायचा आणि रेडिओतून मत्रोनाचा आवाज यायचा. आधी आमच्या युपिक बोलीत, मग इंग्रजीत. गावात तेव्हा टेलिफोन आले होते, पण वरच्या शिकारीच्या कॅम्पवर आणि खालच्या मासेमारीच्या कॅम्पवर ना तार होती ना टपाल. होता तो बॅटरीवरचा रेडिओ. म्हणून ज्याला जे सांगायचं ते त्यानं स्टेशनला फोन करून सांगायचं आणि मत्रोनानं ते वाचायचं. निरोप एकाचा, ऐकणार अख्खी नदी.

“आंद्रेला, खालच्या वळणावर. तुझा कुत्रा आमच्या दारात आलाय. दोन वाळके मासे खाल्लेत. तिसरा खायच्या आत येऊन ने. तुझा मेहुणा.”

“योहानला, बायकोकडून. शुक्रवारी येतो म्हणालास. कुठल्या शुक्रवारी ते कळव, त्या बेतानं चूल पेटवते.”

हे सगळं ती हवामान सांगावं तसं सरळ वाचायची. हसायचं काम आमचं. मरणाचा निरोप असला तरी आवाज तोच, फक्त जरा सावकाश. त्या सावकाशीवरूनच आम्ही ओळखायचो आणि छातीवर क्रूस करायचो.

रविवारी ती म्हाताऱ्यांच्या गोष्टी लावायची. टेपरेकॉर्डर ढकलगाडीवर बांधून, वर जुनी रजई घालून, ती घरोघर जायची. म्हातारी माणसं यंत्रापुढं बोलायला कचरतात, पण तिच्यापुढं बोलायची. तुटक्या दातांची ओल्गाआजी म्हणायची, “हिच्या हाती दिलं की जसंच्या तसं जातं. बाकीचे सगळे आपलं मीठ घालतात.”

मत्रोनाची आई क्षयानं गेली तेव्हा मत्रोना सोळा वर्षांची आणि धाकटा भाऊ निकिफर चालायला शिकत होता. तिनंच त्याला वाढवलं. लग्न केलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासली, मग स्टेशन निघाल्यावर तिथं लागली. निकिफर मोठा झाला, अबोल, कामाला वाघ. अग्राफिनाशी लग्न झालं त्या दिवशी चर्चमध्ये मत्रोना आमच्या गाणाऱ्यांच्या रांगेत माझ्या शेजारी उभी होती आणि तिला एक ओळ गाता आली नाही.

लग्नाला सात वर्षं झाली, मूल नव्हतं. त्या साली ऑगस्टमध्ये अग्राफिना कानाच्या ऑपरेशनसाठी अँकरेजला मोठ्या इस्पितळात गेली. ऑपरेशन झालं, कान बरा झाला, ती आली नाही. मामेबहिणीकडे राहते म्हणाली. मग कपडे धुण्याच्या कारखान्यात काम धरलं म्हणाली. आमचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत; तेव्हा मोठी चांदणी घेऊन घरोघर गात फिरतात. निकिफर त्यासाठी वरच्या कॅम्पवरून खाली आला, गायला, आणि मधल्या वेळात मत्रोनाच्या घरी फोनशेजारी बसून राहिला. फोन आला नाही. सण संपला तसा तो परत वर गेला.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला, तोही स्टेशनवर. मी तेव्हा शनिवारच्या प्रार्थनेची वेळ सांगायला तिथं गेले होते. मत्रोनाची बाजू मी ऐकली, दुसरी तिनं मला नंतर सांगितली.

“वन्सं, एक निरोप घ्या,” अग्राफिना म्हणाली. “निकिफरला. माझी वाट बघू नकोस. मी परत येणार नाही. एवढंच.”

“अगं, हे मी रेडिओवर वाचू? सगळी नदी ऐकते.”

“मग काय करू? कॅम्पवर फोन आहे का?”

“सणाला तो इथं होता. तेव्हा करायचास.”

“तेव्हा धीर झाला नाही. त्याचा आवाज ऐकला असता तर मी आले असते, वन्सं. मला यायचं नाही.”

“का गं? मारलं का त्यानं तुला कधी?”

“नाही. कधीच नाही.” मग म्हणाली, “इथं नळ सोडला की गरम पाणी येतं.”

मत्रोनानं निरोपांचा कागद पुढं ओढला.

“दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू द्या. तेवढं माझ्या वतीनं करा. जसंच्या तसं वाचा.”

फोन ठेवून मत्रोना माझ्याकडं वळली आणि म्हणाली, “वर सध्या दिवसाला पाच-सहा तासच उजेड असतो. बाकी अंधार. आणि भिंतीला बंदूक.” आदल्या हिवाळ्यात निकिफरच्याच ओढ्यावर आमच्या गावचा फिलिप त्याच्या कॅम्पमध्ये सापडला होता. कसा सापडला ते आमच्यात कुणी बोलत नाही. मीही तेव्हा बोलले नाही.

साडेसहाला तिनं वाचलं. “निकिफरला, वरच्या कॅम्पवर. इथं काम मिळालंय. नदीचं बर्फ फुटेपर्यंत आहे. मग येते. अग्राफिना.” आवाज नेहमीसारखा. मी स्टुडिओच्या काचेपलीकडं बसले होते. मला वाटलं, देव हे समजून घेईल. आजही मला नीट सांगता येत नाही, घेतलं असेल की नाही.

मार्चमध्ये तो खाली येईल तेव्हा शेजारी बसवून, हात धरून सांगू, असा तिचा बेत होता. पण तो मार्चमध्ये आलाच नाही. बायको येणार म्हणून जास्तीची कातडी मिळवायला वरच राहिला. फेब्रुवारीत एका शिकाऱ्याबरोबर त्याचा तोंडी निरोप आला, बायकोला फोनवर सांगायला: तिला म्हणावं, मी घराची जमीन बदलणार आहे, खालून गार लागते म्हणायची ना. मत्रोनानं तो निरोप ऐकून घेतला. फोन केला नाही.

एप्रिलमध्ये तो आला तो बीव्हरच्या कातड्यांचा ढीग घेऊन. ती विकून फळ्या घेतल्या, त्यावर घालायला पिवळं लिनोलियम घेतलं. वाफेच्या न्हाणीत पुरुष बसले की त्याची चेष्टा चालायची.

“काय रे, बायको शहरातून येणार, आता तुला जेवायच्या आधी हात धुवायला लावणार.”

“लावू दे,” निकिफर म्हणायचा. एवढं बोलणंसुद्धा त्याच्या मानानं पुष्कळ होतं.

मत्रोना रोज त्याच्या घरी जायची आणि रोज तशीच परत यायची. “खिळे ठोकताना गुणगुणत होता गं,” ती मला म्हणाली. “लहानपणापासून मी त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.”

मे महिन्यात बर्फ फुटलं. दुपारच्या विमानाला निकिफर विमानतळाच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहू लागला. स्वच्छ शर्ट, ओले करून बसवलेले केस. पहिले काही दिवस लोक विचारायचे, “आज येणार का?” मग विचारायचे थांबले. तो जायचा थांबला नाही. जूनमध्ये मोठे सॅमन मासे नदीत चढू लागले. वर्षाचा पहिला मासा आमच्याकडे स्वतःच्या घरात ठेवत नाहीत, वडीलधाऱ्यांना देतात. निकिफरनं तो मत्रोनाच्या दारात आणून ठेवला. तिनं तो शिजवला, त्याच्यासमोर खाल्ला.

त्यानंतर तिनं अग्राफिनाला फोन लावला. “एकदा ये. एका दिवसासाठी ये आणि तोंडानं सांग. विमानाचं मी बघते.”

“मी तर जानेवारीतच सांगितलंय, वन्सं.”

“विमानाचं मी बघते,” मत्रोना पुन्हा तेच म्हणाली.

“तुम्ही वाचलं नाहीत?”

“एका दिवसासाठी ये.”

“म्हणजे तो अजून…” अग्राफिनानं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनच्या साहेबाला केला.

साहेब म्हणजे कर्टिस. अलास्काबाहेरून, अमेरिकेच्या खालच्या राज्यांतून आलेला, पातळ दाढीचा, कुणाचं वाईट न चिंतणारा माणूस. लोकांच्या देणग्या आणि सरकारच्या अनुदानावर स्टेशन चालवताना त्याचे केस पिकले होते. त्यानं मत्रोनाला समोर बसवलं.

“दुरुस्ती वाचावी लागेल, मत्रोना.”

“मी त्याला घरी जाऊन सांगते.”

“ते सांगाच. पण खोटा निरोप सगळ्या नदीनं ऐकलाय. तो खोटा होता हेही नदीला कळायला हवं. नाहीतर उद्या बर्फ पातळ झालंय म्हणून आपण सांगू, आणि लोक विचारतील, हे तरी खरं का?”

“उद्या वाचू.”

“ती बाई सकाळी फोनवर रडत होती. तो माणूस आजही दुपारी कुंपणाशी जाईल. आज वाचायचं. तुम्हाला जमत नसेल तर मी इंग्रजीत वाचतो.”

पण सरकारनं त्या दिवसापुरती मासेमारी खुली केली होती आणि निकिफर विमानाला जाणारच नव्हता. पहाटेच खालच्या कॅम्पवर गेला होता. मत्रोना धक्क्यावर गेली. सगळ्या होड्या नदीत. तिथं जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला तिनं विचारलं, “मला कुणी खाली नेईल का?”

“आज?” म्हातारा म्हणाला. “आज साक्षात देव आला तरी त्याला होडी मिळायची नाही.”

ती सहापर्यंत धक्क्यावर उभी होती. मग स्टेशनवर गेली. परक्याच्या तोंडून, परक्या बोलीत त्याला कळू नये, म्हणून तिनंच वाचायचं ठरवलं.

आमचा कॅम्प निकिफरच्या कॅम्पला लागून. मी मासे चिरत होते, नवरा काठ्यांवर टांगत होता, रेडिओ मेजावर होता. त्याचा रेडिओ पलीकडं, त्याच्या मांडवाच्या खांबाला अडकवलेला. दोन्हींतून एकच आवाज येत होता. आंद्रेचा कुत्रा, कुणाच्या तरी होडीचं इंजिन. मग आवाज सावकाश झाला. मी क्रूस केला. मला वाटलं कुणी गेलं.

“निकिफरला. जानेवारीत मी वाचलेला तुझा निरोप खरा नव्हता. तो मी बदलला होता. खरा निरोप असा. माझी वाट बघू नकोस. मी परत येणार नाही. अग्राफिना.”

मग तिनं तेच इंग्रजीत वाचलं. मग पुढचा निरोप.

“तिकडं बघू नकोस,” माझा नवरा हळूच म्हणाला. काठावरच्या सगळ्यांनीच माना खाली घातल्या होत्या. पण मी बघितलं. निकिफरच्या हातात मासा होता. त्यानं तो टांगला. मग दुसरा घेतला, तोही टांगला. रेडिओ बंद केला नाही. सगळे निरोप संपून हवामान लागेपर्यंत तो मासे टांगत होता.

आठ दिवसांनी तो मत्रोनाच्या घरी आला. मी तिच्याकडं चहाला बसले होते. उठू लागले, तर म्हणाला, “बस, मावशी. आता काय लपवायचं राहिलंय?”

तो दारातच उभा राहिला.

“मला भीती वाटली रे,” मत्रोना म्हणाली. “तू तिथं एकटा. फिलिपचं आठवलं.”

“मी फिलिप नाही.”

“मला काय माहीत? कुणाच्या आईला माहीत होतं?”

“हिवाळ्यात मी एकटा रडलो असतो, ताई. चार दिवस, आठ दिवस. कुणी बघितलं नसतं. खाली आलो असतो तेव्हा संपलेलं असतं. तू मला उन्हात नेऊन, केस विंचरून, सगळ्या गावासमोर कुंपणाला उभं केलंस.”

ती रडू लागली. तो थांबला, आणि मला वाटलं आता आत येईल.

“पहिला मासा तुला आणून दिला,” तो म्हणाला. “तू खाल्लास.”

आणि गेला. त्या ऑगस्टमध्ये सॅमनची दुसरी लाट नदीत आली तेव्हा तो आमच्या घरांच्या रांगेतल्या प्रत्येक दारात मासे ठेवत गेला. ओल्गाआजीला दोन. मत्रोनाचं दार वगळून माझ्या दारात आला. मी त्यातला एक तिला नेऊन दिला. तिनं ओळखला आणि परत केला.

कर्टिसनं तिला काढलं नाही. म्हणाला, आता फक्त म्हाताऱ्यांच्या गोष्टी करा. ती टेपरेकॉर्डर घेऊन ओल्गाआजीकडं गेली. आजीनं चहा दिला, बेरी आणि चरबीचं आकुताक दिलं, सगळ्या गावाच्या चौकश्या केल्या. मत्रोनानं यंत्र पुढं ओढलं तशी म्हणाली, “नको गं आता. माझी गोष्ट कडू आहे. तुला ती गोड करावीशी वाटेल.”

हे ती रागानं म्हणाली नाही. बाकीच्यांनी तेवढंही सांगितलं नाही, नुसतं दार उघडायला वेळ लावू लागले. नाताळापर्यंत मत्रोनानं काम सोडलं. निरोप आता शाळेतली एक मुलगी वाचते. युपिक तिला अडखळत येतं. गडबडली की लोक हसतात, पण विश्वास ठेवतात. संध्याकाळी मत्रोनाच्या घरावरून गेलं तर रेडिओ ऐकू येत नाही.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या आदल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सगळे गोल रांग करतात. एकेकासमोर जाऊन वाकायचं आणि म्हणायचं, “मला क्षमा कर.” समोरच्यानं म्हणायचं, “देव क्षमा करतो, मीही करतो.” कुणाला वगळता येत नाही. मुलं आईबापांपुढं वाकतात, पाद्री मुलांपुढं वाकतो. त्या वर्षी निकिफर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला. मत्रोनाच्या पुढं मी होते, म्हणजे रांग फिरत आली तेव्हा तो आधी तिच्यासमोर आला, मग माझ्या.

मत्रोना वाकली. हात जमिनीला लागेपर्यंत. तिचे गुडघे दुखतात, तरी. “मला क्षमा कर, निकिफर.”

सगळं चर्च पुटपुटत होतं, तरी त्याचा आवाज मला स्पष्ट आला.

“देव क्षमा करतो,” तो म्हणाला.

ती वाकलेलीच राहिली, पुढच्या शब्दांची वाट बघत. तो पुढं सरकला.

माझ्यासमोर आला. मी वाकले, म्हणाले, मला क्षमा कर. त्या जानेवारीत काचेपलीकडं मी बसले होते हे त्याला आता माहीत होतं.

“देव क्षमा करतो,” तो म्हणाला, “मीही करतो.”