अण्णांचा डावा माउस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यातला शेवटचा भाग बायकोला माहीत आहे, कारण तो तिच्यासमोर घडला. आधीचा तिलाही नाही.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी मनात म्हणायचो, वायरिंग तपासा. माझी नोकरीच कॉम्प्युटरची. मशीन विनाकारण काही करत नाही, कारण आपल्याला सापडलेलं नसतं एवढंच... हे वाक्य मी ऑफिसात नव्या मुलांना ऐकवत आलोय.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात होते, रिटायर झाल्यावर तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये ते आणि वहिनी दोघंच. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूरला. दोन वर्षांपूर्वी अण्णांना झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ इतकी जड झाली की बोललेलं वहिनीलाही कळेना. डोकं मात्र शाबूत. ऐकायचं सगळं, समजायचं सगळं, आणि सांगायला काही नाही.

त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर माउसची बटणं उलटी करून घेतली, डाव्या हातासाठी. बाण मोठा केला, कापऱ्या हाताला झेपेल इतका संथ केला. वहिनीला खुणेनं सांगून तिच्या फोनवर तिच्याच आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून घेतली, आणि पडद्यावर एकेक आयकॉन मांडला. पाणी वरच्या ओळीत, चहा त्याच्या शेजारी, ‘पाठ दुखते’ त्यांच्या खाली. क्लिक केलं की वहिनीचा आवाज यायचा. महिना-दीड महिना खपले असतील. मग अण्णा बोलायला लागले... बायकोच्या आवाजात.

गंमतही असायची. फिजिओथेरपीचा मुलगा हात जरा जास्त ताणायला लागला की क्लिक. ‘बस करो मियाँ, कायकू परेशान करते?’ तो मुलगा हसत सुटायचा. कुणी पाहुणा फार वेळ बसला की क्लिक. ‘अहो, त्यांना उशीर व्हायला लागलाय.’

वहिनी आतून ओरडायची, ‘माझ्या तोंडानं कुणाचा अपमान करायलात तुम्ही?’

अण्णा परत क्लिक करायचे. ‘शहाणपणा नको.’ हेही तिचंच वाक्य.

गेल्या वर्षी पडद्यावर रोज पाटी यायला लागली, की या जुन्या सिस्टिमला आता अपडेट मिळणार नाहीत. वहिनी घाबरली. तिनं मला बोलावलं.

‘भाऊजी, नवीन काय टाकायचं ते टाका, पण पडदा आहे तसाच राहू द्या. एवढी एक गोष्ट हलवायची नाही.’

मी म्हणालो, ‘काळजी नक्को वहिनी.’

या धंद्यातली माणसं दोन पंथांची असतात. एक म्हणतात, अपग्रेड करा. जुन्या सिस्टिमवरच नवी चढवा, सगळं जागच्या जागी राहतं. दुसरे म्हणतात, पुसून टाका आणि कोऱ्यावर बसवा. मी दुसऱ्या पंथाचा, आणि कट्टर. जुना कचरा घेऊन नव्या घरात जायचं कशाला? शिवाय त्या जुन्या मशीनवर अपग्रेड म्हणजे अख्खी दुपार बसून राहायचं काम, आणि मला संध्याकाळी परतायचं होतं. सेटअपनं विचारलं, काय ठेवायचं? मी ‘काही नाही’ निवडलं. विचार करून नाही, सवयीनं. कागदपत्रांचं फोल्डर मी आधी पेनड्राइव्हवर घेतलं होतं. डेस्कटॉपवरचं काहीच घेतलं नव्हतं. अण्णांचं सगळं बोलणं तिथंच होतं.

नवा पडदा निळा, स्वच्छ उजळला. अण्णांना खुर्चीत आणून बसवलं. त्यांनी डावा हात माउसवर ठेवला. छोटासा बाण सुर्रकन निघून गेला. क्लिक केलं तर भलतंच काही उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, ‘डिस्क गेली होती अण्णा. नशीब, एवढं तरी वाचलं.’

डिस्क ठणठणीत होती.

अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवून दोनदा थोपटलं. माझी समजूत घातली त्यांनी. ते थोपटणं मला अजून सहन होत नाही.

वहिनीनं मधल्या काळात फोन बदलला होता, त्यामुळे मूळ रेकॉर्डिंगही उरलं नव्हतं. मी म्हणालो, रविवारी येतो, सगळं नव्यानं भरू. त्या रविवारी ऑफिसचं काम निघालं. पुढच्याही. वहिनीचा फोन यायचा.

‘भाऊजी, कधी यायलात? मी म्हटलं वरच्या मजल्यावरच्या पोराकडून करून घेऊ, तर हे मानेनं नको म्हणतात. तुमचीच वाट बघायलेत.’

‘या रविवारी नक्की, वहिनी.’

खरं सांगायचं तर काम हे निमित्त होतं. त्या मशीनसमोर अण्णांच्या शेजारी बसायची मला लाज वाटत होती. नवरात्रात त्यांना दुसरा झटका आला. मी पोचलो तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. त्यातून ते उठले नाहीत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

तेरावं झाल्यावर वहिनी म्हणाली, ‘ते यंत्र तुम्ही घेऊन जा. मला घरात बघवंना.’ मी ते कोंडापूरला आणलं आणि एका रविवारी दुपारी जेवणानंतर लावलं. माउस हातात घेतला तर बटणं उलटी. बाण मोठा आणि संथ. मला वाटलं, शेवटी अण्णांनी खटपट करून जमवलं असेल. सेटिंग सरळ केलं. दुसऱ्या दिवशी परत उलटं. माउस बदलला, तेच. इंटरनेटची वायर काढून टाकली, तेच. मग मी माझ्या पद्धतीनं वागलो. जुनी डिस्क काढून कोरी नवी बसवली आणि नव्यानं इन्स्टॉल सुरू केलं.

सेटअपच्या पहिल्याच पडद्यावर, जिथं अजून वापरणाऱ्याचं नावसुद्धा भरलेलं नसतं, तिथं माझं डावं बटण चालेना. उजवं चालत होतं. असली सेटिंग जुन्या डिस्कवर असते, आणि ती डिस्क टेबलावर माझ्यासमोर पडली होती.

इन्स्टॉल पुरं झालं. पडदा रिकामा, कचऱ्याचा डबा तेवढा वर डाव्या कोपऱ्यात. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, ‘तुम्ही हात लावलेला नाही ना?’

माझे दोन्ही हात मांडीवर होते. माउस टेबलावर गप्प होता. बाण सरकत होता. थांबत थांबत, थोडा कापत. नव्या माणसाला ते कापणं मशीनचं वाटेल... मी ते वर्षभर बघितलेलं होतं. तो खाली उजव्या कोपऱ्याकडे गेला आणि एका जागी थांबला. टिचकी पडली. तिथं काहीच नव्हतं. परत टिचकी. मग आणखी एकदा, जरा वेळानं.

बायको म्हणाली, ‘बंद करा ते.’ मी प्लग काढला.

पुढच्या आठवड्यात मी वहिनीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, ‘अण्णांच्या पडद्यावर खाली उजवीकडं काय होतं हो?’

ती म्हणाली, ‘तिथं ना? सगळ्यांपासून लांब ठेवलेलं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. “भाऊजींना बोलवा.” रात्री-अपरात्री काही झालं तर, म्हणायचे.’ मग हसली. ‘म्हणायचे म्हणजे... तुम्हाला कळलं.’

मला कळलं. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

माउस बिघडला असेल, बोर्डात काही दोष असेल, माझं मनच खेळ करत असेल... सगळं तपासून झालंय. मन म्हणावं तर बायकोनंही पाहिलंय. माझ्याकडे कारण नाही. जेव्हा जेव्हा लावलं तेव्हा बाण तिथंच जातो. आवाज येत नाही, कारण तिथून आवाज मी काढून टाकलाय. आता मी लावतच नाही.

वहिनीला जाऊन सांगायला हवं की डिस्क चांगली होती. मग तिला समोर बसवून ती सगळी वाक्यं पुन्हा बोलून घ्यायला हवीत, आणि त्या कोपऱ्यात ते एक वाक्य ठेवायला हवं. पहिलं केल्याशिवाय दुसरं मागायचं तोंड मला नाही, आणि पहिलं माझ्यानं होत नाही. मागच्या रविवारी तारनाका मेट्रो स्टेशनवर उतरलो होतो. जिना उतरून रस्त्यापर्यंत गेलो आणि तिथूनच परतलो.

वहिनीला खरं सांगणं आणि अण्णांचं बोलणं परत देणं, या दोन गोष्टी मी अजून देणं लागतो.